बेटावरून आणलेल्या फिकट फळमाशीचं नवी प्रजाती म्हणून वर्णन कसं लिहावं?

तुम्ही विचारलंय, बेटावर मिळालेल्या ड्रॉसोफिलाच्या (म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या बारीक फळमाशीच्या) चार माद्या पोटाने फिकट आहेत, बारकोड (प्रजाती ओळखायला वाचतात तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा छोटा तुकडा) कशाशीच जुळत नाही, तर वर्णन लिहायला घ्यावं का आणि नाव कसं ठेवावं. नाव राहू द्या. आधी त्या माद्यांची प्रजा वाढवा.

मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं एका प्रयोगशाळेत माश्यांवर काम केलं. १९९७ च्या मे महिन्यात घरच्यांबरोबर सोमनाथ-दीव केलं, तेव्हा पिशवीत काचेच्या बाटल्या आणि खंडेराव मार्केटमधली काळी पडलेली केळी घेऊन गेले होते. नागोआला होकाच्या झाडांखाली तीन दिवस बाटल्या लावल्या. चार माश्या जिवंत घरी आल्या, चारही माद्या. आमच्या प्रयोगशाळेतल्या माद्यांच्या पोटाच्या टोकाला काळे पट्टे असत, या तिथे जवळजवळ पिवळ्या होत्या.

माझ्या सिनियरने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाला, "अगं, ही वेगळीच आहे! बेट आहे ना ते." दोन दिवसांत त्याने परिषदेला पाठवायचा गोषवारा टाइप करून आणला. माशीला दीववरून नावसुद्धा देऊन झालं होतं. मी विचारलं, नर कुठे आहेत? तो म्हणाला, "नर मिळतील नंतर, नाव आधी आपलं लागू दे." मी सही केली नाही. त्याने सरांना सांगितलं की मी मत्सराने काम अडवतेय, आणि सर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. ते मला अजून लागतं.

मी प्रत्येक मादी वेगळ्या कुपीत ठेवली. मक्याचं पीठ, गूळ, अगर, यीस्ट, बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक आम्लाचे थेंब, असं नेहमीचंच खाणं. अंडी घातली की मादी दुसऱ्या कुपीत. एकीचीच अर्धी अंडी २८ अंशांवर, अर्धी बीओडीमध्ये, म्हणजे तापमान कायम राखणाऱ्या कपाटात, १८ अंशांवर. २८ वाल्या माश्या दहा दिवसांच्या आत बाहेर आल्या, १८ वाल्यांना जवळजवळ तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी रविवारीसुद्धा प्रयोगशाळेत जात होते. २८ अंशांवरच्या लेकी आईसारख्याच फिकट निघाल्या. १८ अंशांवरच्या लेकींच्या पोटाचं टोक काळं होतं. आई तीच!

मुलगेही आले होते, आणि या माश्यांत प्रजाती ओळखायची ती नराच्या जननांगावरूनच. त्यांच्या पोटाचं टोक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये स्वच्छ केलं, ग्लिसरीनमध्ये ठेवून जननांगाची कमान पाहिली. तिच्यावरचा कानाच्या पाळीसारखा भाग हुबेहूब आमच्या कुप्यांतल्या नरांसारखा, लहान आणि अरुंद. म्हणजे मायगेन या कीटकशास्त्रज्ञाने १८३० मध्ये वर्णिलेली, प्रयोगशाळेतली नेहमीची ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. मेच्या उकाड्यात वाढल्यामुळे फिकट झालेली. आणि दीव कसलं बेट म्हणायचं? खाडीवर पूल आहे, पलीकडच्या उना गावाहून फळं येतात, फळांबरोबर माश्याही येणारच.

फिकटपणा कधीच खरा नसतो असं मात्र नाही. आफ्रिकेच्या पश्चिमेला साओ तोमे बेटावर डोंगराच्या वरच्या भागात पिवळ्या पोटाची माशी मिळाली आणि लाशेझ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तिचं ड्रॉसोफिला सँटोमिया म्हणून वर्णन केलं. तिची बहीण-प्रजाती ड्रॉसोफिला याकुबा त्याच डोंगराच्या खालच्या भागात राहते. दोघींचा संकर होतो, पण संकरित नर वांझ निघतात आणि माद्या प्रजननक्षम असतात. रंगामागे असं काहीतरी उभं राहिलं की मग प्रजाती म्हणा. आणि गंमत बघा, या दोघींच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची देवाणघेवाण झालेली आहे, म्हणजे नुसता बारकोड लावला असता तर सँटोमिया याकुबातच गेली असती. तुमचं उलटं आहे, बारकोड जुळत नाही. पण जुळत नाही याचा अर्थ कदाचित इतकाच की, एखाद्या जुन्या, वर्णन झालेल्या प्रजातीचा बारकोड अजून कुणी काढलेला नाही. जुने प्रबंध आणि मूळ वर्णनं वाचल्याशिवाय सुटका नाही.

कुठल्या फळावर मिळाली तेही नोंदवा. सेशेल्सवरची ड्रॉसोफिला सेकेलिया (१९८१) नोनीच्या फळावर जगते. त्या फळातलं ऑक्टॅनोइक आम्ल तिच्या जवळच्या बहिणींना मारतं आणि तिला चालतं. तुम्ही "पिकलेलं फळ" एवढंच लिहिलंय, त्यातून काहीच कळत नाही.

प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमाने नामधारक नमुना (ज्याला नाव कायमचं जोडलं जातं तो) एकच लागतो, किती नग हवेत याचं बंधन नाही. पण ड्रॉसोफिलात एकट्या मादीवर नाव ठेवणाऱ्याला मी बेजबाबदारच म्हणेन. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद आधी करा. बेट भारतातलं असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३९ वाचा, नवा जीव सापडल्यावर अधिकृत भांडाराला कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात.

एक सांगायचं राहिलं. तुमची फळमाशी जर आंब्यात अंडी घालणाऱ्या कुळातली, म्हणजे बॅक्ट्रोसेरा वगैरे असेल, तर वरच्या कुप्यांचा उपयोग नाही, तिथली पद्धत वेगळी आहे. पण घाई तिथेही नडते. २००५ मध्ये आफ्रिकेतून नवी म्हणून वर्णिलेली बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स २०१५ मध्ये आधीच वर्णिलेल्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसमध्येच विलीन करावी लागली.

तो सिनियर मागच्या वर्षी एका लग्नात भेटला. म्हणाला, आता जिनोम (माशीचा सगळा डीएनए) काढला की झालं, कुप्या कोण धुतो! जिनोम जरूर काढावा, मी विरोधात नाही. पण २८ अंशांवरच्या आणि १८ अंशांवरच्या लेकींना जिनोम एकाच आईकडून आलेला असतो, रंग मात्र वेगळा, आणि हे कुपीतच दिसतं. तेव्हा तुमच्या चार माद्या जिवंत असतील तर आजच वेगळ्या करा, आणि एक कुपी १८ अंशांवर ठेवा.