अप्रेझल बँकेचं, इन्स्पेक्शन तुझं

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या न्यू जर्सीतल्या घरखरेदीबद्दल काल फोनवर तू म्हणालास, "मावशी, एफएचएचं, सरकारी हमीचं लोन आहे, म्हणजे सरकारचा माणूस घर बघून जाणारच. मग आपण वेगळा तज्ज्ञ आणून इन्स्पेक्शन कशाला करायचं? एजंट पण म्हणतोय, करारातली इन्स्पेक्शनची अट काढून टाकली तर आपली ऑफर पुढे जाईल." तेव्हा माझ्या पोळ्या तव्यावर होत्या, नीट बोलणं झालं नाही. पण रात्री झोप लागेना, म्हणून सकाळी उठून हे लिहायला बसले.

अगदी हेच बोलणं 1998 साली आमच्या घरात झालं होतं. एडिसनमधलं आमचं पहिलं घर, 1954 सालचं, केप कॉड पद्धतीचं छोटं घर, एफएचएवरच घेतलेलं. बँकेने घराची किंमत ठरवायला पाठवलेला अप्रेझर आला, पाऊण तास फिरला, टेपने मापं घेतली, फोटो काढले. किंमत बरोबर आली आणि आम्हाला वाटलं, घर पास झालं. इन्स्पेक्शनचे तीनशे डॉलर वाचले म्हणून आम्ही खूश. दुसऱ्या वर्षी मागच्या अंगणात गुलाब लावायला ह्यांनी खड्डा खणला, तर मातीला रॉकेलसारखा वास. कधीकाळी ते घर गरम ठेवायची भट्टी तेलावर चालायची. पुढे गॅस आला आणि तेलाची टाकी तशीच जमिनीत राहिली, गंजून तिला भोकं पडलेली. टाकी उपसणं, नासलेली माती उचलून नेणं, नवी भरणं आणि राज्याची कागदपत्रं, सगळं मिळून 22 हजार डॉलर गेले. नाशिकला आईबाबांसाठी फ्लॅट घ्यायला जमवलेले पैसे होते ते. तो फ्लॅट मग कधी झालाच नाही.

त्यानंतर मी एका लेंडरच्या, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या कंपनीच्या, ऑफिसात लोन प्रोसेसर म्हणून लागले आणि पंधरा वर्षं अशाच फायली हाताळल्या. म्हणून सांगते, "सरकारचा माणूस" हा शब्द आधी डोक्यातून काढ. एफएचए 1934 साली सुरू झालं, आज ते हड या केंद्रीय गृहनिर्माण खात्याखाली आहे, पण ते तुला एक डॉलरही कर्ज देत नाही. कर्ज देतो लेंडर. तुझे हप्ते थकले तर लेंडरचं नुकसान भरून द्यायची हमी एफएचए घेतं. त्या विम्याचे पैसेही तूच भरणार आहेस, सुरुवातीला कर्जाच्या 1.75 टक्के आणि पुढे दर महिन्याच्या हप्त्यातून. अप्रेझर हा राज्याने प्रमाणित केलेला आणि एफएचएच्या यादीवरचा असतो. त्याला बोलावतो लेंडर, त्याची फी जाते तुझ्या खिशातून आणि तो उत्तर देतो लेंडरच्या प्रश्नांची: उद्या हे घर आमच्या गळ्यात पडलं तर त्याला बाजारात एवढी किंमत येईल का, आणि ते माणूस राहण्याइतपत सुरक्षित आणि धड आहे का? तुझं काय होईल, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

(तुझं ग्रीन कार्ड आलं हे किती बरं झालं. 25 मे 2025 पासूनच्या नव्या अर्जांना एच-वन व्हिसावाल्यांसाठी एफएचए बंद झालंय. तुझ्या जुन्या रूममेटला हे सांगून ठेव, बिचारा पैसे जमवत बसेल.)

आता दुसरा प्रश्न बघ, घर धड आहे का. साध्या कर्जाच्या अप्रेझलपेक्षा एफएचएचं अप्रेझल इथे कडक असतं आणि तुझ्या बाबतीत तिथेच गाडी अडेल असं मला वाटतं. तू पाठवलेल्या फोटोंत पुढच्या पोर्चचा डावा खांब मोठा करून बघ. खालच्या हातभर भागात रंगाचे पोपडे सुटलेत, एक पोपडा तर पायरीवर पडलेला दिसतोय. घर 1962 सालचं. 1978 च्या आधीच्या घरात असा सुटलेला रंग दिसला की त्यात शिसं आहे असंच धरतात, आणि तो नीट करून पुन्हा रंगवल्याशिवाय कर्ज पुढे सरकत नाही. तसंच छप्पर अजून निदान दोन वर्षं टिकेल असं अप्रेझरला दिसावं लागतं. ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, निदान डोकं आणि खांदे आत घालून त्याने बघायचं असतं. वीज, पाणी, गॅस चालू असावा लागतो. घर रिकामं आहे म्हणालास ना? मग विकणाऱ्याने पाणी बंद केलं असेल तर आधीच चालू करून घ्यायला सांग. नाहीतर अप्रेझर परत येणार आणि त्या फेरीचेही पैसे तुला पडणार.

आणि ऐक, तो खांब स्वतः खरवडायला जाऊ नकोस. एजंट सांगतील, "एक शनिवार ब्रश मारून टाक, विषय संपला." पहिलं म्हणजे शिशाची धूळ उडते, आणि तुझ्या घरात दोन वर्षांची मुलगी आहे. दुसरं, क्लोजिंगपर्यंत, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर तुझ्या नावावर होईपर्यंत, ते दुसऱ्याचं आहे. दुसऱ्याच्या घरात आपले पैसे आणि कष्ट घालायचे नाहीत, उद्या व्यवहार मोडला तर ते गेले. दुरुस्ती विकणाऱ्याने करायची, शिशाच्या कामाचं प्रशिक्षण असलेल्या रंगाऱ्याकडून. 1978 पूर्वीच्या घरात शिशाची तपासणी करून घ्यायला दहा दिवसांची मुदत मागायचा हक्क तुला फेडरल कायद्याने दिलाय, तो मात्र सोडू नकोस. घरच फार मोडकळीला आलेलं असेल तर 203 के नावाचं वेगळं एफएचए लोन असतं, खरेदी आणि दुरुस्ती एकातच. पण तुझ्या घराला त्याची गरज दिसत नाही.

किंमत कमी आली तर काय, असं तू दोनदा विचारलंस. समज, तू 5 लाख 20 हजार डॉलरला करार केलास आणि अप्रेझल आलं 5 लाखाचं. लेंडर दोन्हींतली कमी रक्कम धरतो. म्हणजे तुझे डाउन पेमेंटचे साडेतीन टक्के 5 लाखावर, 17,500 डॉलर, आणि वरचे 20 हजार तू रोख आणायचे. एवढे तुझ्याकडे नाहीत हे मला माहीत आहे. घाबरू नकोस, एफएचएच्या करारात एक कलम सक्तीचं असतं: अप्रेझल करारातल्या किमतीपेक्षा कमी आलं तर तू व्यवहार सोडू शकतोस आणि तुझा विसार परत मिळतो. त्या कागदावर तुझी आणि विकणाऱ्याची सही झालीय ना, हे वकिलाकडून बघून घे. न्यू जर्सीत एजंटने तयार केलेला करार वकिलाला दाखवायला कामाचे तीन दिवस मिळतात, ते वाया घालवू नकोस. बहुतेक वेळा विकणारा थोडा खाली येतो, कारण पुढचं गिऱ्हाईक एफएचएचंच आलं तर पुन्हा तीच अडचण उभी राहील हे त्यालाही कळतं. अप्रेझलची प्रत क्लोजिंगच्या निदान कामाचे तीन दिवस आधी तुला मिळालीच पाहिजे, तसा कायदा आहे. ती वाच. चौरस फूट चुकलेत का, बाथरूम एक कमी मोजलंय का, तुलनेला लांबच्या गावातली घरं घेतलीत का. चूक सापडली तर लेंडरमार्फत फेरविचार मागता येतो. पण त्याला जोड म्हणून जवळपासची, नुकतीच विकली गेलेली घरं दाखवावी लागतात. "आम्हाला कमी वाटते" एवढ्याने काही होत नाही, अशी पत्रं मी डझनावारी फायलीला लावली आहेत.

तुझा तो आर्मीतून आलेला मित्र व्हीएचं, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचं, लोन घेतोय ना, त्याचं थोडं वेगळं. तिथे अप्रेझर व्हीए नेमतं, आणि किंमत कमी पडतेय असं दिसलं तर अप्रेझर आधीच लेंडरच्या माणसाला कळवतो, मग विक्रीचे पुरावे द्यायला कामाचे दोन दिवस मिळतात. त्याला टाइडवॉटर म्हणतात. त्याच्या एजंटला हे ठाऊक असलेलं बरं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते. वर सांगितलेलं कलम फक्त किमतीपुरतं आहे. बेसमेंटमध्ये पाणी येतं म्हणून ते तुला सोडवणार नाही. त्यासाठी करारात इन्स्पेक्शनची अट हवी, आणि तीच अट एजंट काढायला सांगतोय. त्याचा हेतू वाईट नसेल, त्याला व्यवहार जुळवायचाय. पण ही अट काढू नकोस. ऑफर हातची गेली तर जाऊ दे. लेंडर तुला एक छापील कागद देईल, त्यावर हडनेच लिहिलंय की घराचं इन्स्पेक्शन करून घ्या, आम्ही घराच्या स्थितीची हमी देत नाही. लोक तो वीस सह्यांच्या गठ्ठ्यात सही करून पुढे ढकलतात. आम्हीही कसलाही कागद न वाचताच सह्या केल्या होत्या.

ऑफर चढवायचीच असेल तर अट ठेवून तिची धार कमी कर. मुदत सात दिवसांची ठेव आणि लिहून दे की किरकोळ गोष्टींसाठी पैसे मागणार नाही, फक्त छप्पर, पाया, भट्टी, वीज, गटार आणि टाकी एवढंच बघेन. विकणाऱ्याला भीती असते ती नळाच्या वॉशरवरून घासाघीस होण्याची.

इन्स्पेक्टर राज्याचा परवाना असलेला घे, आणि एजंटने सुचवलेल्या तिघांखेरीज आणखी एकाला तरी फोन कर. दोन-तीन तास लागतात, पूर्ण वेळ त्याच्याबरोबर राहा. रिपोर्ट साठ पानांचा येईल, पण खरं ज्ञान त्याच्या मागे मागे फिरताना मिळतं. बेसमेंटच्या फोटोत मागच्या कोपऱ्यात ब्लॉकच्या भिंतीवर पांढरी पूड दिसतेय, आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तशी. तिथे ओल झिरपून वाळलीय. ती छपराच्या पन्हळीचं पाणी भिंतीपाशी सांडतंय म्हणून असेल तर पाइप लांबवून काम भागतं, आणि पाया तडकलाय म्हणून असेल तर पंधरा-वीस हजारांची गोष्ट. हा फरक अप्रेझर सांगणार नाही. इन्स्पेक्टर ओल मोजायचं यंत्र लावेल, बाहेर जाऊन त्याच कोपऱ्याचा उतार बघेल. तुझं घर नदीपासून फार लांब नाही. 2021 च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाच्या पुराने मॅनव्हिल गावाची काय दशा केली ते तुला आठवत असेल. 2024 पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला पुराची माहिती लेखी द्यावी लागते, तो कागद मागून घे.

नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये नसतात अशा तीन गोष्टी वेगळे पैसे देऊन करून घे. अंगणात पुरलेली टाकी शोधणं, गटाराच्या पाइपात कॅमेरा घालणं आणि रेडॉन या जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची मोजणी. 1962 च्या घराचं गटार मातीच्या पाइपाचं असू शकतं आणि पुढच्या मेपलची मुळं त्यात शिरलेली असू शकतात. रेडॉन हवेच्या लिटरमागे 4 पिकोक्युरी किंवा वर आला तर उपाय करायचा असतो, पंखा आणि पाइप बसवून काम होतं, त्यासाठी घर सोडायची गरज नाही. टाकीबद्दल मी आणखी काय सांगू.

आणि स्वयंपाकघरात शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतो की तीच परत खोलीत सोडतो, ते बघ. इन्स्पेक्टर याला दोष म्हणणार नाही, पण आपल्या रोजच्या फोडणीला बाहेर जायला वाट लागते.

शनिवारी सकाळची वेळ मिळाली तर मला सांग, मी टॉर्च घेऊन येते. तू जुने बूट घाल, त्या बेसमेंटची पायरी ओलसर असणार. छोटीला त्या दिवशी पोर्चवर खेळू देऊ नका, तिला मी सांभाळीन. थालीपीठं आणते सगळ्यांसाठी.

तुझी,
मावशी