पार्मेझान चीज खरंच पौष्टिक असतं का? दूध पचत नसेल तर चालेल का?

पौष्टिक तर आहेच. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचत नाही म्हणून दूध सोसत नसेल, तर हे चीज बहुतेकांना चालतं. पण त्रास दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचा असेल तर अजिबात खाऊ नका. दोन्हींतलं नेमकं काय आहे, हे आधी डॉक्टरांना विचारा.

मी लिहितेय ते इटलीतल्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोबद्दल. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या-मांतोव्हाचा काही भाग, एवढ्याच पट्ट्यात ते बनतं. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट भांड्यांत ठेवतात, वर आलेली साय काढतात आणि त्यात सकाळचं सायीसकट दूध मिसळतात. मग आदल्या दिवशीची आंबवलेली निवळी त्यात घालतात, आपण कालचं दही विरजणाला घेतो तशी. त्यातले जीवाणू पहिल्या एक-दोन दिवसांतच लॅक्टोज फस्त करतात. म्हणून तयार चीजमध्ये ते जवळजवळ उरतच नाही.

पुढे निदान 12 महिने, पुष्कळदा 24 महिने ते मुरत ठेवतात. एक किलो चीजला साधारण 14 लिटर दूध लागतं, त्यामुळे सगळंच एकवटलेलं असतं: 100 ग्रॅममध्ये सुमारे 32 ग्रॅम प्रथिनं, 30 ग्रॅम स्निग्धांश, 1100 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि जवळपास 400 कॅलरी. मुरताना प्रथिनं तुटत जातात. दाताखाली कुरकुरणारे पांढरे कण मिठाचे नसतात, ते टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. मला या चीजमधलं सर्वांत आवडतं ते हेच.

पण 100 ग्रॅम एका वेळी कोण खातं? पास्त्यावर किंवा सूपवर 10 ग्रॅम किसून घातलं, तर 3 ग्रॅम प्रथिनं आणि 110-115 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, तेही 40 कॅलरींत. एवढ्याशा किसासाठी हे उत्तमच आहे. मात्र 100 ग्रॅममागे दीड ग्रॅमच्या वर मीठ असतं, म्हणून पदार्थात मीठ बेतानं घाला. रक्तदाब असणाऱ्यांनी जास्तच जपून.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी शाकाहारी असाल तर हे ठाऊक असायलाच हवं: अस्सल पार्मिजानोचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विकरानं (एन्झाइमनं), साकळवतात. नियमानं दुसरं रेनेट चालतच नाही. भारतात सूक्ष्मजीवांपासून काढलेलं रेनेट वापरून पार्मेझानच्या धर्तीवरचं चीज बनतं, त्यावर हिरवा ठिपका बघून घ्या. चव थोडी वेगळी लागते, पण स्वयंपाकात छान चालतं.

शक्यतो किसलेल्या पाकिटाऐवजी तुकडा घ्या. किसात गुठळ्या होऊ नयेत म्हणून पुष्कळदा सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींतला तंतू, मिसळलेलं असतं. मूळ चीजच्या सालीवर ठिपक्यांनी नाव उमटवलेलं असतं. ती सालही टाकू नका, सूप उकळताना त्यात सोडा.