चादरीच्या मापाचं बटण

प्रश्न : सोलापुरात आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. वेबसाइटवर नवा माल चढवताना टायनीएमसीई एडिटरमध्ये (पानाचा मजकूर लिहायच्या चौकटीत) दर चादरीखाली माप, वजन आणि 'पहिल्यांदा वेगळी धुवा' या ओळी जुन्या पानावरून आणून चिकटवाव्या लागतात. त्यासाठी टूलबारवर बटण हवं आहे. एका लेखातला कोड घातला, तर 'अ‍ॅडबटन हे फंक्शन नाही' असं येतं.
– एक वाचक भगिनी, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचा कोड जुना आहे, एवढंच. 'एडिटर.अ‍ॅडबटन' चौथ्या आवृत्तीपर्यंत चालायचं. 2019 मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि ते 'एडिटर.यूआय.रजिस्ट्री.अ‍ॅडबटन' झालं. आतल्या 'ऑनक्लिक'च्या (बटण दाबल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या भागाच्या) जागी आता 'ऑनअ‍ॅक्शन' लागतं. दोन्ही बदला.

बटणाची ही नोंद एडिटर सुरू करणाऱ्या कोडमधल्या 'सेटअप'मध्ये करायची आणि बटणाला दिलेलं तेच नाव त्याच कोडमधल्या 'टूलबार'च्या ओळीतही घालायचं. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलवाल्यांच्या साइटवर मी ही दुसरी ओळ विसरलो होतो. कुठेच काही चूक दाखवत नव्हतं, बटण मात्र दिसेना. अख्खी दुपार ब्राउझरची कॅश (साठवून ठेवलेली जुनी पानं) पुसण्यात गेली. आयकॉनच्या मागे लागू नका. 'टेक्स्ट'मध्ये सरळ 'माप-वजन' लिहा, दुकानातल्या कुणालाही कळेल.

'ऑनअ‍ॅक्शन'मध्ये 'एडिटर.इन्सर्टकंटेंट' वापरलं की कर्सर असेल तिथे मजकूर पडतो. पण काही मजकूर सिलेक्ट केलेला असेल तर तो जाऊन त्याच्या जागी हा बसतो. माल चढवणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा. कंट्रोल-झेडने तो परत येतो.

आता माझं एक आग्रहाचं सांगणं. धुण्याची सूचना या बटणात घालू नका. बटण दर पानावर वेगळी नक्कल टाकतं. उद्या सूचनेतला एक शब्द बदलायचा झाला, तर जुनं एकेक पान उघडत बसावं लागेल. ती ओळ साइट बनवणाऱ्याकडून मालाच्या पानाच्या टेम्प्लेटमध्ये (सगळ्या पानांच्या एकाच साच्यात) घालून घ्या. तिथे एकदा बदलली की सगळीकडे बदलते. बटणात फक्त 'माप :' आणि 'वजन :' ठेवा, पुढे रिकामं. तिथे आधीच '60 × 90 इंच' भरून ठेवलंत, तर घाईत डबल बेडच्या चादरीखालीही तेच राहील आणि गिऱ्हाईक पार्सल परत पाठवेल.