'पंच', 'ज्यूरी' आणि तो 'संशयित आरोपी'

एका वाचकाचे दोन प्रश्न आहेत. खटल्यात दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, म्हणजे 'ज्यूरी'ला, मराठीत 'पंच' म्हणावं का? आणि बातमीत 'आरोपी' लिहावं की 'संशयित आरोपी'?

दुसरा आधी उरकतो, कारण रोज सकाळी पेपर उघडला की हा खडा दाताखाली येतोच. 'संशयित आरोपी' म्हणजे कोण? ज्याच्यावर आरोप आहे की नाही याचाच संशय आहे, तो? पोलिसांची नुसती नजर असते तोवर संशयित, आरोप झाला की आरोपी, कोर्टात शाबीत झाला की गुन्हेगार. संपलं. त्यातून मथळ्यात 'संशयित' लिहून कायदा सांभाळणारा बातमीदार दोन ओळी खाली 'नराधमाच्या मुसक्या आवळल्या' लिहून मोकळा. शाबीत होईपर्यंत निर्दोष धरायचं ते कुणाला?

'आरोपी म्हणजे आरोप करणारा, म्हणून आरोपित म्हणा' हा शुद्धिवाल्यांचा हट्टही मला मान्य नाही. रोगी काय रोग वाटत फिरतो? ज्याला रोग तो रोगी, ज्याच्यावर आरोप तो आरोपी. कोशकारांनी कपाळाला आठ्या घालू नयेत.

आता पंच. 'ज्यूरी'च्या मुळाशी लॅटिनमधलं शपथ घेणं आहे, ते सोडा. खरी मौज 'अंपायर'मध्ये आहे, ज्याला आपण क्रिकेटात पंच म्हणतो. जुन्या फ्रेंचमधला 'नोंपेर' म्हणजे जोडीतला नसलेला, विषम. दोघांचं जुळेना की मध्ये बसवायचा तो तिसरा. इंग्रजांनी 'अ नोंपायर' म्हणता म्हणता त्यातला 'न' मागच्या 'अ'ला चिकटवला आणि 'अॅन अंपायर' झालं. आणि आपला पंच? पाच! तोही विषमच. मतं समसमान पडून घोडं अडू नये म्हणून दोन्ही भाषांनी विषमालाच आसन दिलं, असं माझं लाडकं मत आहे. पुरावा मागू नका.

विलायतेत ज्यूरी बारांची, म्हणजे सम, पण तिथं पूर्वी एकमतच लागायचं. मुंबईत नऊ असत. 1908 साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना त्या नवांनी 7 विरुद्ध 2 असं दोषी ठरवलं. त्यावर 'ज्यूरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे' या अर्थाचं टिळक जे बोलले, ते मुंबई उच्च न्यायालयात कोरून ठेवलंय. 1959 साली खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी नानावटी यांना नवांपैकी आठांनी सोडलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही.

तेव्हा ज्यूरीला ज्यूरीच म्हणा. आपल्याकडे पंच म्हटलं की पंचनाम्यावर सही करणारे दोघे आठवतात. 'सात पंचांनी टिळकांना दोषी ठरवलं' असं लिहिलंत, तर एखादं पोर विचारेल, 'घरझडतीला इतके पंच कशाला?'