डीसी या अमेरिकन कॉमिक कंपनीची सुपरहिरो चित्रपटमालिका नेमकी कुठे चुकली? दिग्दर्शक झॅक स्नायडरला राहू दिलं असतं तर ती वाचली असती का?

माझ्या मते ही मालिका जुलै २०१३ मध्येच चुकली. डीसीच्या सगळ्या नायकांना एकत्र आणणारा 'जस्टिस लीग' आपटायला तेव्हा चार वर्षं अवकाश होता आणि पहिला सिनेमा अजून थिएटरमधून उतरलाही नव्हता.

स्नायडरचा 'मॅन ऑफ स्टील' हा तो पहिला सिनेमा १४ जून २०१३ ला आला. जगभरात त्याने ६७ कोटी डॉलरच्या आसपास धंदा केला. सुपरमॅनची नव्याने ओळख करून देणाऱ्या सिनेमासाठी हा आकडा चांगला होता, पण आदल्याच वर्षी मार्व्हलच्या 'ॲव्हेंजर्स'ने दीडशे कोटींचा टप्पा ओलांडला होता. पुढे महिनाभराने सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात स्नायडर मंचावर आला. त्याच्या सिनेमात जनरल झालेल्या हॅरी लेनिक्सने फ्रँक मिलरच्या 'द डार्क नाइट रिटर्न्स' या कॉमिकमधला उतारा वाचून दाखवला. सुपरमॅनला हरवल्यावर बॅटमॅन त्याला जे सुनावतो, तो हा उतारा. मग दोघांची चिन्हं एकात एक गुंफलेली पडद्यावर आली आणि लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. पुढचा सिनेमा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' असणार हे त्या क्षणी ठरलं, आणि चूक तिथेच झाली.

का, ते सांगतो. मिलरचं कॉमिक १९८६ चं. त्यातला बॅटमॅन म्हातारा आहे, दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. सुपरमॅन त्याचा जुना सोबती, आता सरकारच्या सांगण्यावरून चालणारा. दोघं एकमेकांवर हात उचलतात तेव्हा वाचणाऱ्याला त्रास होतो, कारण त्यामागे आयुष्यभराची ओळख आहे. ही त्यांच्या नात्याच्या शेवटाची गोष्ट आहे. स्नायडरच्या सिनेमात मात्र हे दोघं एकमेकांना धड ओळखतही नाहीत.

बरं, एवढ्यावर थांबले नाहीत. त्याच सिनेमात डूम्सडे हा राक्षस आणला आणि सुपरमॅनला मारलंही. कॉमिकमध्ये सुपरमॅन डूम्सडेच्या हातून मेला तो १९९२ मध्ये, आणि सुपरमॅन हे पात्र जन्माला आलं होतं १९३८ मध्ये. मधली ५४ वर्षं वाचकांच्या पिढ्या त्याच्यासोबत वाढल्या होत्या, म्हणून तो मेल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. सिनेमात आपल्याला तो भेटून जेमतेम एक सिनेमा झाला होता. दोन्ही गोष्टी शेवटाच्या, आणि दोन्ही दुसऱ्याच भागात वापरून टाकल्या. आधी कळस, मग पाया म्हणतात ते हेच.

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते न बनलेल्या सिनेमाचं. 'मॅन ऑफ स्टील'च्या अगदी शेवटी सुपरमॅन क्लार्क या नावाने, चष्मा लावून 'डेली प्लॅनेट' या वर्तमानपत्राच्या कचेरीत कामाला लागतो आणि तिथली बातमीदार लोइस त्याचं हसून स्वागत करते. तिथून पुढचा सिनेमा आपोआप समोर दिसतो. दिवसा बातमीदार, बाकी वेळी लोकांचा जीव वाचवणारा, आणि खलनायक झॉडला स्वतःच्या हातांनी मारल्याचं ओझं मनावर असलेला तरुण. तो सिनेमा आलाच नाही. त्याच्या जागी 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये काही मिनिटांची एक दृश्यमालिका येते. मेक्सिकोतल्या जळत्या इमारतीतून सुपरमॅन एका मुलीला बाहेर आणतो. तिथे मृतांच्या स्मरणाचा सण चाललाय, लोकांनी चेहरे कवट्यांसारखे रंगवलेत, आणि ते सगळे हळूहळू त्याच्याभोवती जमून हात पुढे करतात, देवाला स्पर्श करायला करावेत तसे. तो मधोमध उभा, अवघडलेला. दृश्य म्हणून ते विलक्षण आहे, मी ते पुनःपुन्हा पाहतो. पण तो त्या मुलीशी एक शब्द बोलत नाही. तिच्या आईशीही नाही. वरून टीव्हीवरच्या तज्ज्ञांचे आवाज ऐकू येतात, त्याने हे करावं की नाही यावर. म्हणजे सुपरमॅनबद्दल सगळे बोलतात आणि सुपरमॅन गप्प. असा माणूस मेल्यावर जग रडतंय असं दाखवलं, तरी प्रेक्षक त्या रडण्यात सामील होत नाही. त्यातून शेवटच्या क्षणी शवपेटीवरची माती वर उचलली जाते, म्हणजे तो मेला हेही आपल्याला पुरतं मानू दिलं नाही.

योगायोगाने त्याच वर्षी दुसरा पुरावा समोर आला. 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' २५ मार्च २०१६ चा, मार्व्हलचा 'सिव्हिल वॉर' ६ मेचा. दोन्हीकडे नायकच नायकाशी भिडतो. पण 'सिव्हिल वॉर' हा मार्व्हलच्या मालिकेतला तेरावा सिनेमा होता. टोनी (आयर्न मॅन) आणि स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) यांना आपण वर्षानुवर्षं भांडताना, एकमेकांना सावरताना पाहिलं होतं, म्हणून टोनीच्या आईवडिलांना स्टीव्हच्या मित्राने मारल्याचं उघडं पडतं तेव्हा आपण कोणाचीच बाजू घेऊ शकत नाही. डीसीचा तोच प्रसंग दुसऱ्या सिनेमात आला, तेव्हा भांडण सुरू करायला खलनायक लेक्स ल्युथरचा कट लागला आणि मिटवायला दोघांच्या आईचं नाव एकच, मार्था, असणं. त्या 'मार्था' प्रसंगाची लोक आजही टर उडवतात. मला त्यातली कल्पना वाईट वाटत नाही. समोरचा परग्रहावरचा धोका नसून कुणाचा तरी मुलगा आहे, हे बॅटमॅनला कळणं योग्यच आहे. पण एवढं वजन पेलायला दोघांमध्ये आधी काहीतरी घडलेलं हवं होतं.

घाई तर अशी, की ऐन लढाईच्या तोंडावर वंडर वूमन लॅपटॉपवर ईमेलमधल्या फायली उघडते आणि आपल्याला फ्लॅश, ॲक्वामॅन, सायबॉर्ग या पुढच्या नायकांच्या छोट्या क्लिप दिसतात. जो वेळ त्यांच्या स्वतंत्र सिनेमांना द्यायचा, तो एका इनबॉक्सला दिला. ऑक्टोबर २०१४ मध्ये वॉर्नर या स्टुडिओने २०२० पर्यंतच्या दहा सिनेमांची यादी जाहीर केली होती. त्यातला 'फ्लॅश' २०१८ ऐवजी २०२३ मध्ये आला आणि 'सायबॉर्ग' आलाच नाही.

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' 'फार अंधारा होता म्हणून पडला' हे मत मला अजिबात पटत नाही. नोलानचा 'द डार्क नाइट' अंधारा होता, २०१९ चा 'जोकर' त्याहून काळाकुट्ट, आणि दोघांनीही १०० कोटी डॉलरच्या वर कमावले. पण वॉर्नरने नेमका हाच धडा घेतला. दुसऱ्या आठवड्याअखेरीस त्याची अमेरिकेतली कमाई जवळजवळ ६९ टक्क्यांनी घसरल्यावर सगळे हादरले आणि पुढच्या सिनेमांत विनोद घाला, वेळ कमी करा हे सुरू झालं. मे २०१७ मध्ये स्नायडर मुलीच्या निधनानंतर बाजूला झाला, त्याच्या जागी आलेल्या जॉस व्हीडनने बरंचसं रीशूट केलं, आणि 'जस्टिस लीग' दोन तासांत कोंबला गेला. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या सिनेमासाठी ठेवलेली मिशी संगणकावर पुसल्याने त्याचा वरचा ओठ कसा दिसत होता, ते सगळ्यांना आठवत असेल. पण हे सगळं नंतरचं. आजार आधीच झालेला होता.

याच काळात 'वंडर वूमन' चालला, कारण दिग्दर्शिका पॅटी जेन्किन्सला डायनाची, म्हणजे वंडर वूमनची, गोष्ट पहिल्यापासून सांगायला मिळाली. पहिल्या महायुद्धातल्या खंदकात लेकराला घेऊन बसलेली बाई डायनाचा हात धरून मदत मागते, सोबतचे पुरुष सांगतात की सगळ्यांना वाचवता येत नाही, आणि डायना शिडी चढून वर जाते. डायना अशी का आहे ते आपल्याला तोवर तिच्या बेटावर, तिच्या आईसोबत कळलेलं असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. स्नायडर राहिला असता तर 'जस्टिस लीग' नक्कीच बरा झाला असता. २०२१ चा 'स्नायडर कट', म्हणजे त्याच सिनेमाची स्नायडरची आवृत्ती, ते सिद्ध करतो. व्हिक्टर (सायबॉर्ग) आणि त्याच्या वडिलांची गोष्ट त्यात पहिल्यांदा उभी राहते. पण तो चार तासांचा का झाला, हेही बघा. तीन नव्या नायकांची ओळख करून देणं त्याच सिनेमात उरकावं लागलं. मालिका वाचली असती असं मला वाटत नाही, कारण शेवटाकडे धाव घेण्याचा निर्णय स्नायडरचाही होता, फक्त स्टुडिओचा नव्हे.

'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' अजून पाहिला नसेल किंवा एकदा पाहून सोडून दिला असेल, तर १८२ मिनिटांची 'अल्टिमेट एडिशन' बघा. थिएटरमध्ये १५१ मिनिटांचा आला होता. कापलेल्या भागात क्लार्क बॅटमॅनच्या गॉथम शहरात फिरून बॅटमॅनबद्दल लोकांना विचारतो, बातमी करायला धडपडतो. कात्री लावायची वेळ आली तेव्हा त्यांनी नेमका बातमीदार क्लार्कच कापला.