प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड कसा सांभाळायचा? सुरक्षितता हवी, पण रोजची कटकट नको.

लक्षात ठेवायचेच नाहीत. पासवर्ड मॅनेजर वापरा, म्हणजे सगळे पासवर्ड जपून ठेवणारं आणि आपोआप भरणारं साधन. ब्राउझरमधला किंवा बिटवॉर्डनसारखा वेगळा, दोन्ही चालतील. तुम्ही एकच लांबलचक मास्टर पासवर्ड पाठ करायचा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तरी पुरे.

याचा खरा फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. मॅनेजर साइटचा पत्ता तपासून मगच पासवर्ड भरतो. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल तुमच्या डोळ्यांना फसवेल, पण पत्त्यात एक अक्षर जरी इकडचं तिकडे असलं तरी मॅनेजर गप्प बसतो. नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता नीट वाचा.

जिथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्लीची, सोय आहे तिथे ती आधी घ्या. फोन उघडता तसंच बोट किंवा चेहरा दाखवून लॉगिन होतं. ही खाजगी किल्ली साइटकडे जातच नाही, त्यामुळे त्यांचा सर्व्हर फुटला तरी चोराच्या हाती कामाचं काही लागत नाही. फक्त फोन हरवला तर खात्यात परत कसं शिरायचं, ते आजच ठरवा. रिकव्हरी कोड, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी साइट देते ते कोड, कागदावर लिहून कपाटात ठेवले तरी चालतात, खुशाल ठेवा.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा नियम? सोडून द्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेने 2017 मध्येच तो नको म्हटलं. लोक शेवटचा आकडा वाढवून मोकळे होतात. फुटल्याची शंका आली तर मात्र लगेच बदला. आणि फोन, अ‍ॅप्सचे अपडेट्स ऑटोमॅटिकवर टाका.