संवाद नसलेली भूमिका

पावसाळ्यातल्या एका दुपारी राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक आई आल्या. छत्री मिटता मिटताच म्हणाल्या, "मॅडम, मी घरातलं केबल काढून टाकतो. तुम्ही फक्त हो म्हणा." (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात.)

त्यांचा मुलगा ओंकार आठवीत. नाव अर्थातच बदललंय. अंगानं चांगलाच भरलेला. वर्गात त्याला 'गोली' म्हणतात. २००८ पासून चाललेल्या 'तारक मेहता का उल्टा चश्मा'मधल्या डॉक्टर हाथींच्या मुलाचं नाव. दोन महिने शाळेचा डबा भरलेला परत येत होता आणि रात्री फरसाणची बरणी रिकामी होत होती. पोहायला जाणं बंद. "आणि गंमत बघा," आई म्हणाल्या, "हा स्वतःच स्वतःवर विनोद करून सगळ्यांना हसवतो. मनाला लावून घेत असेल असं वाटतच नाही."

हे शेवटचं वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलंय की आता ते ऐकलं की मला उलट काळजी वाटते. दुसऱ्यानं मारायच्या आधी आपणच आपल्याला टपली मारली, तर ती किती जोरात बसेल हे तरी आपल्या हातात राहतं. मुलं हे फार लवकर शिकतात.

ओंकार पहिल्यांदा आला तो दारातूनच म्हणाला, "खुर्ची भक्कम हाय न्हवं मॅडम?" मी हसले नाही. त्याला ते आवडलं नाही, हेही दिसलं. दोन भेटी अशाच विनोदात गेल्या. तिसऱ्या भेटीत शाळेच्या गॅदरिंगचा विषय निघाला.

"वडापावच्या गाडीपुढं उभं राहून खायचं होतं. बाकीचे येणार, बोलणार, जाणार. मी खातोयच. शेवटी गाडीवालाच गाडी सोडून पळतो. लई टाळ्या पडल्या."

"तुझे संवाद काय होते?"

"न्हवतेच की."

मग बराच वेळ तो खिडकीबाहेरचा पाऊस बघत बसला.

केबल काढू नका, असं मी आईंना सांगितलं. काढून उपयोगही नव्हता. गोली वर्गात होता आणि मोबाईलवरही. त्याऐवजी ओंकारला एक वही दिली. घरी जेवताना जी विनोदी मालिका लागेल ती आठवडाभर बघायची. त्यातलं जाड माणूस काय करतं ते लिहायचं: खातं, अडकतं, धापा टाकतं, की आणखी काही? आणि हसण्याचा आवाज कधी येतो, त्याची रेघ मारायची.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या फाउट्स आणि बर्गग्राफ या संशोधकांनी १८ विनोदी मालिका अशाच मोजून पाहिल्या होत्या. २००० साली ते प्रसिद्ध झालं. स्त्रीपात्र जितकं जाड, तितके पुरुषपात्रांचे तिच्यावरचे शेरे जास्त. आणि अशा ८० टक्के शेऱ्यांनंतर प्रेक्षकांचं हसू ऐकू येत होतं. ओंकारला मात्र यापेक्षा वेगळीच गोष्ट आवडली. चार्ली डग्लस नावाच्या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञानं १९५०च्या दशकात एक पेटीच बनवली होती. बटण दाबलं की साठवलेलं हसू बाहेर. "म्हणजे कुणीच हसत नसलं तरी चालतंय?" तो म्हणाला. चालतंय.

आठवड्यानं वही आली. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'डॉ. हाथी डॉक्टर आहेत. पण मला त्यांचं फक्त खाणं आठवतं. असं का?' पुढे रेघा. आणि मी न सांगितलेला एक रकाना त्यानं स्वतः आखला होता. 'बाबा हसले.' त्याच्याखाली अकरा रेघा.

पुढच्या भेटीला मी वडिलांना बोलावलं. शिरोलीच्या फौंड्रीतून पाळी संपवून तसेच आले, बरोबर आज्जाही. वडील वही बघून गोंधळले. "मी त्याला हसत नव्हतो हो. टीव्हीला हसत होतो." खरंच होतं ते. पण पोरगं शेजारी ताट घेऊन बसलेलं असतं आणि त्याच्या कानाला हसू एकच ऐकू येतं.

आज्जांचा उपाय तयार होता: "तालमीत घाला. आमच्या वेळी असल्या पोराला शोधत यायचे." उमेदीत ते स्वतः खासबागेच्या कुस्ती मैदानात लढलेले. आपल्या गावाचं हे मला नेहमी नवल वाटतं. १९१२ साली हे मैदान उभारणारे शाहू महाराज देहानं केवढे भव्य. त्यांच्या तसबिरीपुढे हसायचं कुणाच्या मनातही येत नाही. तेच अंग टीव्हीत दिसलं की आपण खिदळतो. पण 'लढलास तर मान' हीही एक अटच झाली. ओंकारला लढायचं नव्हतं. त्याला कुस्त्यांचं निवेदन करायचं होतं. माईकवरच्या निवेदकाची नक्कल त्यानं आज्जांसमोर केली, तेव्हा म्हातारा थक्क होऊन बघत राहिला.

पालकांना मी मोजकंच सांगितलं. वजनाचा प्रश्न बालरोगतज्ज्ञांकडे न्या. उंची, वय, वजन ते एकत्र बघतील. ताटावर तो विषय नको. 'कमी घे' नको आणि 'खा रे पैलवान' पण नको. जेवल्यावर मुद्दाम उलटी करतोय किंवा दिवस दिवस उपाशी राहतोय असं दिसलं तर माझ्या पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टर गाठा. वर्गशिक्षिकांनाही भेटले. चिडवणाऱ्यांना समज द्या, इतकं तर सांगितलंच. शिवाय पुढच्या नाटुकल्यात त्याला संवाद द्या, म्हटलं. त्या जरा ओशाळल्या. वाईट हेतू त्यांचाही नव्हता.

डबा अजून कधी कधी अर्धा परत येतो. पोहणं सुरू झालंय, पण पहाटे, गर्दी नसते तेव्हा.

परवा ओंकार सांगत होता, "मालिकेत तसला विनोद आला की बाबा भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबतात. हसू दाबायला. पण खांदे हलतात की मॅडम, दिसतंय सगळं."

ते सांगताना तोच खो-खो हसत होता.